शेकाची पिशवी

आमच्या सिस्टरबाई कधी ओरडल्या नाहीत, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटायची. ओरडणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, त्याचं झालं की झालं. या नुसत्या गप्प उभ्या राहायच्या. अमरावतीच्या नर्सिंगच्या वर्गात आम्ही अकरा जणी होतो. चादरीचा कोपरा दुमडताना पाठीमागे त्यांचे कॅनव्हासचे बूट येऊन थांबलेत, हे एकीलाही कळायचं नाही. मानेवर काटा आला की समजायचं. पहिले दोन महिने मी जेवले कमी आणि घाबरले जास्त.

वर्गात एक खाट होती आणि खाटेवर सखूबाई. सखूबाई म्हणजे धामणगावच्या कापसानं ठासून भरलेली, माणसाएवढी कापडी बाहुली. डोळे शाईनं काढलेले, त्यातला एक पुसट झालेला. सिस्टरबाईंनी तिचा रीतसर केसपेपर केला होता: वय चाळीस, पोटाचं ऑपरेशन, तीन लेकरं, रोगी बेशुद्ध. आम्ही तिचं अंग पुसायचो, कूस बदलायचो, पाय शेकायचो, पण आधी तिला सांगून. न सांगता हात लावला की सिस्टरबाई दाराकडे बोट करायच्या. मग बाहेर जायचं, परत यायचं आणि 'सखूबाई, तुमचं अंग पुसते बरं का' म्हणायचं. एका दुपारी मी सात वेळा बाहेर गेले. शेवटी धीर करून म्हटलं की ही तर बाहुली आहे आणि वरून बेशुद्ध, तिला काय ऐकू येणार! सिस्टरबाई मूळच्या अचलपूरच्या. शिकवताना पुस्तकातलं मराठी बोलायच्या, पण पोटातलं ओठावर आलं की वऱ्हाडी. म्हणाल्या, "तिले ऐकू येत नाही, हे तुले कोणं सांगतलं?"

मी हिवरखेडची. घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली होती. माझी लेक पांढरी टोपी घालून येईल, असं बानं साऱ्या वस्तीला सांगून ठेवलेलं. काकूचं म्हणणं निराळं. परक्याचा मळ उपसायला पोरगी कशाला धाडता, शेतात वेचणीला हात कमी आहेत, शिवाय तेल्हाऱ्याचं स्थळ दाराशी आलंय. बा एसटीपर्यंत पोचवायला आला. "बाई, मांगं पाहू नको," एवढंच बोलला आणि स्वतःच मागे वळून चालायला लागला. टोपी सहा महिन्यांनी, परीक्षेनंतर मिळायची. जी नापास होईल तिनं ट्रंक उचलायची आणि घरचा रस्ता धरायचा. ती ट्रंक माझ्या खाटेखाली होती आणि रोज उठल्याबरोबर मला आधी तीच दिसायची.

एकदा रोग्याला पाणी पाजण्याचा धडा होता. सखूबाईला काही गिळता येत नव्हतं, म्हणून आम्ही एकमेकींना पाजायचं ठरलं. माझी पाळी आली तेव्हा समोर निजलेल्या मुलीनं तोंड मिटून घेतलं. उपास आहे म्हणाली. सकाळी तिनं दोन भाकरी खाल्लेल्या मी पाहिल्या होत्या. कशाचा उपास ते सगळ्यांना कळलं, मलाही कळलं, आणि तो कप कुठे ठेवावा ते मला सुचेना. सिस्टरबाई पुढे आल्या. तिला हातानं उठवलं, स्वतः खाटेवर आडव्या झाल्या आणि माझ्याकडे तोंड करून आ केला. माझ्या हातचं पाणी त्या कप रिकामा होईस्तोवर प्यायल्या. त्या दिवसापासून मला त्यांची भीती दुप्पट वाटायला लागली. आता त्यांच्यासमोर चुकणं म्हणजे नुसतं नापास होणं राहिलं नव्हतं.

आणि चुकले ती नेमकी त्यांच्यासमोरच.

परीक्षेला मेट्रनबाई टेबलाशी बसल्या होत्या. आत गेले तर खाटेवर सखूबाई नव्हती, सिस्टरबाईच निजल्या होत्या, डोळे मिटून. मेट्रन म्हणाल्या, रोगी बेशुद्ध आहे, पाय गार पडलेत, शेकाची पिशवी ठेव. माझी तर पाचावर धारण बसली. त्यात सरावाची एक गोम होती. वर्गात रोज शेगडी कोण पेटवणार, म्हणून आम्ही पिशवी माठातल्या थंड पाण्यानं भरायचो. पिशवीवर चढवायची फ्लॅनेलची खोळ आणि मनगटावर पिशवी टेकवून पाहणं, हे नुसतं तोंडानं म्हणायचो, 'खोळ चढवली, हाताला लावून पाहिलं.' परीक्षेला शेगडी पेटली होती आणि किटलीतलं पाणी उकळत होतं. माझे हात मात्र सखूबाईच्याच सवयीनं चालले. पिशवी भरली, बूच लावलं, 'खोळ चढवली, हाताला लावून पाहिलं' म्हटलं, सिस्टरबाईंना सांगून पिशवी त्यांच्या उजव्या पायाशी सरकवली आणि पांघरूण नीट करायला लागले. खोळ दोरीवर लटकत होती.

त्या हलल्या नाहीत. मी एक कोपरा दुमडला, दुसरा दुमडला. तेवढ्यात त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. मुठीत चादर अशी आवळली होती की बोटं पांढरीफटक पडली होती. मी पांघरूण ओढलं. टाच लालबुंद, कातडी वर आलेली. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच. बेशुद्ध रोगी कसा ओरडेल!

मेट्रन उठल्या आणि हिची ट्रंक बाहेर काढा म्हणाल्या. मला हिवरखेडच्या फाट्यावर उभा असलेला बा दिसायला लागला. तेव्हा सिस्टरबाई उठून बसल्या.

"चूक मायी आहे," त्या म्हणाल्या. "पोरीले मी थंड्या पाण्यावर शिकोलं अन् परीक्षा उकयत्या पाण्याची घेतली."

महिन्यानं माझी परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं. तो महिनाभर त्यांच्या टाचेचं ड्रेसिंग मीच करावं असं सिस्टरबाईंनीच सांगितलं. रोज सकाळी जखम उघडायच्या आधी त्या एकच वाक्य बोलायच्या, "आधी मले इचार, मंग हात लाव." मी विचारायची. वर्गात आता रोज शेगडी पेटायची. टोपी मिळाली तेव्हा मी रडले, आणि त्या टाच जरा उचलून चालत निघून गेल्या.

नऊ-दहा वर्षांनी मी अकोल्याच्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डाची सिस्टर होते. एका सकाळी एक म्हातारे गृहस्थ आपल्या बहिणीला घेऊन आले. अर्धांग झालेलं, वाचा गेलेली. मी पांघरूण सारलं आणि उजव्या टाचेवरचा तो गुळगुळीत डाग दिसला. तोंडाकडे मी नंतर पाहिलं.

उजवी बाजूच गेली होती. पाय बर्फासारखे गार. भाऊ म्हणाले, जरा शेक द्या. इतक्या वर्षांत मी शेकड्यांनी पिशव्या ठेवल्या असतील, पण त्या दिवशी बूच दोनदा आवळून पाहिलं. खोळ चढवली. मनगटाला लावली, काढली, पुन्हा लावली. "सिस्टर, पायाशी शेक ठेवू का?" विचारलं आणि थांबले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे मिटून उघडले. आता त्या पायाला काही कळणार नव्हतं. पिशवी आणि टाच यांच्यामध्ये मी माझा तळहात ठेवला आणि पाणी निवेपर्यंत काढला नाही.

चौथ्या दिवशी त्या गेल्या. शेवटचं अंग पुसायला मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. बादलीत आधी कोपर बुडवून पाहिलं. पाणी जरा कढत वाटलं म्हणून गार पाणी घातलं, पुन्हा पाहिलं, आणि "सिस्टर, अंग पुसते बरं का," म्हटलं. सोबतची नर्स माझ्याकडे बघतच राहिली. आता कशाला हे, असं तिनं हळूच विचारलं.

मला भीती वाटते, मी म्हटलं.