सायकलचा आहेर

गीताबाई नवी नवरी होऊन रोहिणखेडात आली, त्याच्या तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं एक भांडण ऐकलं. भिंतीपलीकडं तिची सासू सत्यभामाबाई होती आणि आतेसासू होती. विषय आहेराच्या लुगड्याचा.

"म्या तुले नऊ वार देल्लं होतं वं! तू परत आणलं आठ वार!"

"आठ कुठचं? नेसून तं पाह्य!"

"नेसलं म्हणूनच सांगून राह्यली. पोटरी उघडी पडते माही!"

त्या एका वारापायी दोघी अकरा वर्षं एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत. गीताबाईच्या हातातली भाकर तव्यावर करपली, पण मनात एक गोष्ट पक्की बसली. आलेला आहेर थोडा चढवूनच परत करायचा, आणि कोणाचाही आहेर अंगावर ठेवून मरायचं नाही.

बाई अंगानं काटकुळी, पण चाल अशी की बरोबरच्या माणसाला पळावं लागे. अक्षरओळख नव्हती. तरी कोणाच्या लग्नात कोणी कोणत्या रंगाचा खण दिला, हे तिला चाळीस वर्षांचं पाठ. गावातल्या बाया विसरल्या की तिलाच विचारायला येत.

पुढं तिची लेक कोकिळा बाळंतपणाला आली. नात झाली, बारसं ठरलं. चार घरं सोडून राहणाऱ्या अख्तरीबीला ऐन वेळी घरात खण सापडेना. तिचा नवरा फकीर मोहम्मद पिंजारी. गाद्या भरायला मलकापूरला जाई. तिथल्या एका शेटजीनं मजुरीत दोन आण्यांऐवजी त्याच्या हातात एक तिकीट टेकवलं होतं, गुरांच्या प्रदर्शनातल्या लॉटरीचं. तेच अख्तरीबीनं नातीच्या मुठीत कोंबलं.

"बाई, नशीब असलं तं आहेर समज. नसलं तं कागद समज."

नातीनं लगेच ते चोखायला घेतलं. गीताबाईनं ओलं तिकीट काढून जिऱ्याच्या डब्यात टाकलं.

महिन्यानं फकीर मोहम्मद मलकापूरहून धापा टाकत आला. भिंतीवर आकडे लागले होते, आणि तिकीट कितीतरी दिवस त्याच्याच पागोट्यात राहिलेलं, म्हणून आकडा त्याला तोंडपाठ होता. तिसरा नंबर. बक्षीस, नवी कोरी सायकल!

गीताबाईचा नवरा किसनराव बैलगाडी घेऊन गेला. सायकल कडब्यावर आडवी निजवून, वर गोधडी पांघरून, बाळंतिणीसारखी गावात आणली. गीताबाईनं ती घरात घेतलीच नाही. तडक अख्तरीबीच्या दारात नेली.

"बी, धर. तुही सायकल."

"माही काऊन? देल्लेला आहेर परत घेऊ? लोक थुंकतीन माह्या तोंडावर!"

"तू कागद देल्ला होता. कागदाचा म्या खण देईन. सायकल कशी पचन मले?"

"म्या पोरीच्या मुठीत देल्लं. पोरीची हाय."

"पोरगी पाळण्यात हाय वं!"

"मंग पाळण्याले बांध!"

किसनराव मध्ये पडला. "एकेक चाक घ्या ना दोघी."

"तुमी चूप बसा," दोघी एका तोंडानं म्हणाल्या. त्या दिवसात त्यांचं एवढंच काय ते जमलं.

गावचे हिंमतराव पाटील म्हणाले, विका आणि पैसे वाटून घ्या. यावर तर दोघींनी पदर तोंडाला लावला. आहेर विकायचा? माणसं काय म्हणतील! शेवटी सायकल गीताबाईच्या गोठ्यात उभी राहिली आणि अख्तरीबीनं ताकाला येणं बंद केलं. पंधरा दिवस झाले. गीताबाईला घास गोड लागेना. आतेसासूची अकरा वर्षं तिला डोळ्यांपुढं दिसायला लागली.

मग अख्तरीबीच्या लेकीचा, गौसियाचा निकाह निघाला, आणि गीताबाईचं डोकं चाललं. आहेर परत घेता येत नसेल, पण आहेराचा परतीचा आहेर तर घ्यावाच लागतो! तिनं सायकल धुतली, हँडलला हळदकुंकू लावलं, आणि बरोबरीचं नको म्हणून वर एक पितळी घंटी बसवली. लग्नाच्या मांडवात घंटी वाजवत सायकल आली. अख्तरीबीला नाही म्हणता येईना. नवरीला मात्र सायकल मिळाली नाही. सासरी पाठवली असती तर परतफेड कशाची करणार?

दीड वर्षानं कोकिळेला मुलगा झाला. बारशाला सायकल परत आली, घंटीसकट, आणि वर कंदिलासारखा दिवा. गीताबाईनं तो नीट न्याहाळला आणि दाताखाली ओठ दाबला. पुढं गौसियाचं पोर पहिलं अक्षर शिकायला बसलं, त्या बिस्मिल्लाला सायकल गेली ती हवेचा पंप लावून. कोकिळेच्या पोराच्या जावळाला आली ती सीटवर मखमली गादी शिवून. गादी फकीर मोहम्मदनं स्वतः भरली होती, आणि ती एवढी उंच झाली की बसणाऱ्याचे पाय पायडलाला पुरेनात.

हाल झाले ते नवऱ्यांचे. किसनराव सायकलवर चढायला शिकला, पण उतरायला शिकायच्या आत ती पलीकडं गेली. फकीर मोहम्मद उतरायला शिकला, पण त्याला चढवायला माणूस लागे.

"अवं, सहा महिने तरी राहू दे घरी," किसनराव म्हणे. "माहं शिक्षण अर्धवट राह्यलं."

"आहेर हाय थो. शाळा नाई."

बारा-तेरा वर्षं असं चाललं. सायकलला पितळी तांब्या लटकला, झालर लागली, आरसे दोन झाले. चालवणारा कोणी उरला नाही. ढकलायलाच दोन माणसं लागत. पण गीताबाई एकटीच नेई.

त्या साली ती फार खोकत होती. वैद्यानं अंगणाबाहेर पडू नको म्हणून सांगितलेलं. आणि सायकल दिवाळीपासून तिच्याच गोठ्यात! आहेर तिच्या अंगावर. ती रोज विचारी, "बीच्या घरी काई कार्य नाई का?" कार्य नव्हतं. लग्नाजोगं कोणी नाही, पाळणा नाही. माघ गेला, फाल्गुन आला. गीताबाईनं भाकर खायची सोडली.

एका सकाळी किसनरावानं सहज सांगितलं, की अख्तरीबीची शेळी व्याली. जुळं झालं.

गीताबाई उठून बसली. "मंग बारसं तं आलंच!"

त्या दिवसानंतर ती पुन्हा घराबाहेर पडली नाही, चैत्रात गेली. पण त्या दिवशी तिनं स्वच्छ लुगडं नेसलं, हँडलला कुंकू लावलं, आणि कॅरिअरवर हिरव्या हरभऱ्याची पेंडी बांधली. किसनरावाला हात लावू दिला नाही. चार घरांच्या वाटेत ती तीनदा खोकायला थांबली, आणि तिन्ही वेळा तिनं घंटी वाजवली, म्हणजे लोकांना वाटावं मुद्दाम थांबली.

अख्तरीबी दारात आली. "याड लागलं का वं तुले? शेळीले आहेर?"

"जुळं झालं ना? मंग."

"म्या नाई घेत."

"शेळीले विचार."

शेळीनं तोवर पेंडीला तोंड लावलं होतं. अख्तरीबी कपाळावर हात मारून हसली आणि तिनं हँडल धरलं.

"बस, चहा टाकते."

"नाई वं, वरण ठिवलं हाय चुलीवर," गीताबाई म्हणाली. मग वळता वळता मागचं टायर दाबून पाहिलं. "मांगच्या चाकात हवा कमी हाय. भरून घेजो."