राखेतले दात

माझा धाकटा भाऊ परदेशात दात वाढवायचं काम करतो. गावात कोणी विचारलं की मी असंच सांगते. तिथल्या प्रयोगशाळेत जिवंत पेशी घ्यायच्या आणि त्यांच्यापासून माणसाचा नवा दात तयार करायचा, असं त्यांचं चाललंय. अजून गाडी उंदरांच्या जबड्यापुढे गेलेली नाही, पण ते आमच्या रनाळे गावात कोणाला ऐकायचं नसतं. गावाला कौतुक पाहिजे. आणि मायला तर काय, विचारूच नका.

माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे एक गल्ली. त्यामुळे वडील गेल्यावर माय माझ्याकडे आली. त्याची तक्रार नाही. पण भावाने फोनवरून काळजी करायची आणि मी इथे तिच्यासाठी शेंगदाणे कुटत बसायचं, ही वाटणी कोणी केली ते मला आजवर कळलेलं नाही.

शेंगदाणे कुटायचे, कारण मायच्या तोंडात एकही दात नाही. हिरड्या सुजून दात हलायला लागले, काही आपोआप पडले आणि उरलेले नंदुरबारच्या डॉक्टरने काढले. हिरड्या वाळल्या की माप घेऊन कवळी करू, असं तो म्हणाला होता. मायने काढलेले दात कापसात गुंडाळून मागून घेतले. आपल्या अंगाचं दुसऱ्याच्या कचऱ्यात कशाला, असं तिचं म्हणणं.

त्याच वर्षी दिवाळीला भाऊ आला. खाटेवर बसून शेवभाजी ओरपता ओरपता त्याने मायला सांगितलं की कवळीचे दिवस आता संपत आले. दाताच्या आत पेशी असतात, त्यांच्यापासून नवा, खराखुरा दात वाढवता येईल, थोडी वर्षं थांब. मायने विचारलं, दातापासूनच दात? तो म्हणाला, हो. पुढचं सांगायला काय झालं होतं? की पेशी जिवंत लागतात, काढून वाळलेला दात काही कामाचा नाही, आणि हे तुझ्या हयातीत होईल याचा भरवसा नाही. पण समोर माय तोंड उघडं टाकून ऐकत होती, आणि त्याला असं ऐकणारं माणूस फार आवडतं.

तो गेला आणि मायने तिच्या समजुतीने पुढचं केलं. आमच्याकडे गिलक्याचं, डांगराचं बी गोवऱ्यांच्या राखेत ठेवतात. कीड लागत नाही, पुढच्या मोसमाला हटकून उगवतं. तिने राख चाळली, पत्र्याच्या डब्यात भरली, त्यात ते दात पुरले आणि डबा बियाण्याच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवून दिला.

मी कपाळाला हात लावला. माप द्यायला चल म्हणून तिच्या किती मागे लागले! भांडले, रुसले, एकदा तर रिक्षा दारात आणून उभी केली. ती जागची हलली नाही.

"मन्हाच दात येणार शेतस," ती म्हणायची, "ते खोटा दात कसाले लाऊ?"

शेवटी भावालाच फोन केला. डब्याचं सगळं सांगितलं, म्हटलं, बाबा रे, ती तुझंच ऐकते, तूच तिला नाही म्हण. तो पोट धरून हसला. मग मी फोन तिच्या कानाला लावला, तर हा म्हणतो, "काम चालू शे, माय." झालं. त्यानंतर दर वेळी तिने विचारायचं आणि याने तेवढंच बोलायचं. खोटं नव्हतं ते, काम चालूच होतं. म्हणून तर मला जास्त राग येतो.

अशी वर्षं गेली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा म्हणजे मायचा जीव. आता ती भाकरी वरणात भिजवून नुसती गिळते. लग्नाकार्यात पंगतीला बसत नाही, लोकांसमोर घास चोखायची लाज वाटते तिला. अंगावरचं पोलकं ढगळ झालं.

गेल्या हिवाळ्यात भाऊ आला तेव्हा नंदुरबारला समाजाने त्याचा सत्कार केला. माय नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली, मी तिच्या शेजारी. भाऊ छान शुद्ध मराठीत बोलत होता. मधेच लोकांना हसवायला म्हणून म्हणाला, आमच्या भागातल्या एका म्हातारीने तर आपले पडलेले दात बियाण्यासारखे राखेत जपून ठेवलेत. सगळं सभागृह खदाखदा हसलं. गावातल्या ज्यांना डबा माहीत होता, ते हसता हसता आमच्याकडे वळून बघायला लागले.

एक म्हातारी! माझी आई, असं म्हणायला जीभ झडली होती का याची? माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठणारच होते, तेवढ्यात मायने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि तीही हसली, तोंडाला पदर लावून.

परतताना गाडीत ती एवढंच बोलली, "भाऊ चांगला बोलना."

भाऊ परत गेला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी माय चपला घालून माझ्यासमोर उभी. म्हणाली, चल, कवळी करू. डॉक्टरने तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. इतकी वर्षं दात नसल्याने खालचं हाड झिजून सपाट झालंय, कवळीला धरायला जागाच नाही, लवकर आणायचं होतं, म्हणाला. तरी त्याने करून दिली. बोलताना ती घसरते, घास घेतला की टोचते. आता तीही त्या फळीवरच असते.

मग भावाचा फोन आला. डब्याची गोष्ट लोकांना फार आवडली म्हणे. पुढच्या भाषणात पडद्यावर दाखवायची आहे, तर डब्याचा फोटो पाठव, माय सोबत असली तर उत्तमच. मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तशीच तणतणत मायकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आता तरी ही चिडेल.

माय उठली. तिने फळीवरून डबा काढला, पदराने पुसला आणि ओट्यावर उजेडात मांडीवर घेऊन बसली. केस सारखे केले. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं,

"तोंड मिटी लेऊ का?"

फोटो मी काढला. तो माझ्या फोनमध्येच आहे. भाऊ दर रविवारी विचारतो, पाठवला का. मी सांगते, काम चालू शे.