केमोनंतरचा शेक

माझी मावशी एका मोठ्या हॉटेलच्या कपडेघरात मुकादम होती. खोल्यांतून उतरलेल्या चादरी आणि टॉवेल आधी तिच्या हाताखालून जायचे, मग धुवायच्या मशीनमध्ये. रक्त, ओकारी, आणखी काय काय. तिनं कधी नाक मुरडलं नाही. "माणसं राहतात तिथं घाण व्हायचीच," म्हणायची.

अशा बाईला स्वतःच्याच अंगाची किळस आली.

खोकला हटेना म्हणून छातीचा फोटो काढला, तर दोन फुप्फुसांच्या मध्ये मोठ्या मोसंब्याएवढी गाठ. तुकडा काढून तपासला, लिम्फोमा निघाला. लसीका ग्रंथींचा कॅन्सर. केमो सुरू झाली. औषध चढलं की तोंडात गंजका खिळा धरल्यासारखं व्हायचं. घामालाही औषधाचाच वास यायचा. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे काकांनी, आणलेल्या सुपाकडे बघून ती म्हणायची, "न्या ते आधी. शेंबूड दिसतोय नुसता."

शेवटची केमो झाली त्या दिवशी तिची नणंद केक घेऊन आली. वर गुलाबी क्रीमनं लिहिलेलं, 'आमची लढवय्यी'.

"वन्सं, झाका हो ते," मावशी म्हणाली. "ढवळतंय मला."

पुढं स्कॅन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. काका, नणंद आणि मी, सगळेच गेलो. "गाठ खूप आकसलीय," त्या म्हणाल्या. "पण आता छातीला रेडिएशन द्यावं लागेल. शेक म्हणतात ना, तो."

मावशीचं तोंड कडू झालं. नणंदेला राहवलं नाही. "म्हणजे केमो वाया गेली का हो?"

"मुळीच नाही. असं समजा, एखाद्या घरात..."

"डॉक्टर, गोष्टी नकोत," मावशी म्हणाली. "सरळ सांगा."

बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. "केमो रक्तातून अंगभर फिरते. कुठं कुठं लपलेल्या पेशीही मारते. पण तुमची गाठ मुळातच मोठी होती. आता उरलंय ते बहुतेक मेलेलं, वणासारखं. या स्कॅनमध्ये जिवंत पेशी बहुधा चमकतात, आणि फक्त हा एवढा कोपरा अजून चमकतोय. तिथं जिवंत पेशी उरल्या असतील तर आजार पुन्हा डोकं काढेल तो बहुधा तिथूनच. म्हणून किरणं तेवढ्याच जागेवर द्यायची. सगळ्यांना लागत नाहीत. हा कोपरा साफ असता, तर मी कदाचित थांबा म्हटलं असतं."

"त्रास काय होईल?"

"घसा आतून सोलवटल्यासारखा होईल. थकाल. पुढं काही वर्षांनी हृदयाला, फुप्फुसांना थोडा धोका असतो, म्हणून जागा होईल तितकी लहान ठेवतो."

"आणि नाही घेतलं तर?"

"कदाचित काहीच होणार नाही. पण परत आलं, तर याहून जड केमो."

बाहेर आल्यावर नणंद कुणाकुणाचं ऐकलेलं सांगत सुटली. मावशी भिंतीला टेकून उभी होती. "पुन्हा ती चव? त्यापेक्षा शेक बरा," म्हणाली, आणि विषय संपला.

छातीवर शाईच्या खुणा केल्या. त्या पुसायच्या नाहीत, साबण घासायचा नाही. तिला ते अंगावर कुणीतरी थुंकल्यासारखं वाटायचं. यंत्राखाली मात्र काहीच कळायचं नाही. त्रास नंतर आला. पाण्याचा घोट काचेसारखा जायचा. थुंकी चिकट झाली, तार तुटेना. ती मगात थुंकायची आणि वर रुमाल टाकून तो खाटेखाली सरकवायची.

एकदा काकांनी तो उचललाच.

"राहू द्या. तुम्हाला किळस नाही येत?"

"येते ना," काका म्हणाले आणि धुऊन घेऊन आले.

मावशी हसली. हसताना घसा दुखला, तर त्याला एक शिवी दिली.

काही महिन्यांनी स्कॅनमध्ये तो कोपरा विझलेला दिसला. तपासण्या मात्र चालूच राहणार होत्या. मावशी कामावर परतली. आता मध्येच दम लागतो, मग ती चादरींच्या ढिगावरच बसते.

नणंदेनं आपल्या मंडळात तिला दोन शब्द बोलायला बोलावलं, "लोकांना धीर येईल गं."

"काय सांगू त्यांना?" मावशी म्हणाली. "थुंकी किती निघाली ते? त्यापेक्षा ज्याला शेक घ्यायचाय त्याला माझ्याकडे पाठवा. घरी. आणि केक आणू नका म्हणावं."