तिसऱ्या पुलापुढचा रस्ता

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात कशावर चटकन विश्वास ठेवलाय, असं कुणी मला दाखवून दिलं तर मी भर शहापूरच्या बाजारात मिशी उतरवीन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे धसईकडचे. सकाळी उठून माणसं तोंड धुतात, हे संशय घ्यायला लागतात. दूधवाला आला की त्याच्या दुधाचा थेंब नखावर घेतात. थेंब ओघळला तर दुधात पाणी, आणि नाही ओघळला तर, "यात नक्की कायतरी घातलंय, नायतर इतका वेळ उभा ऱ्हाईल का?" घराला कुलूप लावलं की स्वतः ओढून बघतात, मग ताईला ओढायला लावतात, आणि मग तिनं ओढताना ते सैल केलं असेल म्हणून पुन्हा स्वतः ओढतात. तोवर मुरबाडची एसटी निघून गेलेली असते. पावसाळा सरून सिद्धगड स्वच्छ दिसायला लागला की सगळ्यांना बरं वाटतं. दाजी कपाळावर हात धरून बघत राहतात आणि म्हणतात, "आज हा एवढा जवळ कशाला आलाय?" त्यांच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना यांनी टाचा उंचावून पलीकडे पाहिलं होतं. दाखवली ती मुलगी हीच ना, याची खात्री नको? ताई खालच्या आवाजात म्हणाली होती, "मीच आहे, बघा नीट." त्यांनी खरोखरच नीट बघून घेतलं.

असा हा माणूस नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एकदम गप्प झाला. दाजी शहापूरजवळ एका डब्यांच्या कारखान्यात कामाला होते आणि आमच्याच आळीत भाड्यानं राहत होते. कारखाना बंद पडला. एक अख्खा पावसाळा आणि पुढचा हिवाळा दाजी घरात बसून होते. दूधवाल्याचं दूध बघेनासे झाले, तेव्हा ताई खरी घाबरली. माझ्याकडे तेव्हा टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता. एका दुपारी दाजी आले, कोपऱ्यात बसले आणि मी खेळत होतो ते बघत राहिले. "यात आपल्याला कोण फसवतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, गाडी चालवायची, बस्स. त्यांनी रिमोट हातात घेतला तो संध्याकाळ झाली तरी सोडला नाही.

गेम साधा होता. एक लाल गाडी, समोर रस्ता आणि मधे मधे पूल. पाळीपाळीनं खेळायचं, जो पुढं जाईल तो जिंकला. तिसरा पूल मधेच तुटलेला होता. बटणावरचा अंगठा दाबून ठेवला तर गाडी भरधाव उडून पलीकडे जायची. अंगठा उचलला की थेट नदीत. दाजी दर वेळी तिथवर यायचे आणि अंगठा उचलायचे. "तुटक्या पुलावर भरधाव जायचं? कुणाच्या भरवशावर?" एकटा खेळताना मी तो पूल कधीच ओलांडला होता, सातव्या-आठव्यापर्यंत जात होतो; त्यांच्यासमोर पहिल्या दिवशी मात्र घाईत दुसऱ्यावरच पडलो होतो. त्याच आठवड्यात ताईनं मला मोरीजवळ गाठलं. म्हणाली, "दिवसभर तोंड उघडत नाहीत रे. तुझ्याकडं जिंकून आले की जेवताना चार शब्द बोलतात. जिंकू दे ना त्यांना." मग काय, मी रोज दुसऱ्याच पुलावर पडायला लागलो. कधी फारच लवकर पडलो असं वाटलं तर तिसऱ्यावर. दाजी टीव्हीकडे डोळे लावून बसलेले असत. माझ्या हातांकडे कशाला बघतील? ज्या माणसाला दुधाच्या थेंबात खोट दिसायची, त्याला शेजारी बसलेल्या मेव्हण्याची खोट सहा-सात महिने दिसली नाही.

पुढं आटगावजवळच्या एका गोदामावर त्यांना रखवालदाराचं काम मिळालं. जन्मभराच्या संशयाला अखेर पगार मिळाला म्हणायचा! आत येणारा प्रत्येक ट्रक त्यांनी वाकून खालून पाहिला. माझा टीव्ही गेम मधल्या काळात मुंग्यांनी खाल्ला. दाजींनी मात्र ती गोष्ट मनात जपून ठेवली होती. लग्नाकार्यात मला पुढं करून सांगायचे, "हा कॉलेज शिकलेला, पण गाडीच्या गेममधे मला एकदा पण हरवलं नाय त्यानं." मी मान हलवायचो.

दोन हजारनंतर काही वर्षांनी, दाजी रिटायर झाल्यावर, हातात धरून खेळायची छोटी यंत्रं बाजारात आली. तळहाताएवढं खोकं, सेलवर चालणारं, आत सगळे जुने कॅसेटचे गेम. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंगनं दुपारभर पंखासुद्धा फिरत नव्हता, त्यामुळे सेलवर चालणारी वस्तू दाजींच्या मनात भरली. मला म्हणाले, "चल. बघून घेऊ. पण घेताना डोळे उघडे ठेवायचे."

शहापूरच्या मोबाइलच्या दुकानात मालकानं हौसेनं गेम लावून दाखवला. लाल गाडी तीच, पूल तेच. तिसरा पूल त्यानं सहज ओलांडला आणि पुढं निघाला. दाजींनी माझा दंड धरला. "डुप्लिकेट हाय."

"काका, ओरिजिनल गेम आहे. चांगले बारा पूल आहेत."

"तिसऱ्यापुढं रस्ता नाय. आमी महिनोन् महिने खेळलोय. विचारा याला."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. दाजी पायरी उतरताना म्हणाले, "पुढचे नऊ पूल यांनी घरी बनवले असतील."

आता हसावं की रडावं? माझा एक खोटेपणा दोन तालुक्यांतल्या दुकानदारांना चोर ठरवत फिरत होता. धसईच्या बाजारात बांगड्या आणि खेळणी विकणारी एक बाई भेटली. ती गिऱ्हाईक नसलं की हाच गेम खेळायची. तिनं आमच्याशी बोलता बोलता, पडद्याकडे अर्धवट बघत, पाचवा पूल ओलांडला. "बाय माझी, तुला कुणी शिकवला?" दाजींनी विचारलं. ती म्हणाली, "शिकवायचंय काय त्यात? दाबून धरायचा नि जायचा." दाजींनी यंत्र उलटसुलट केलं, सेलचं झाकण काढून आत वास घेतला आणि परत ठेवलं. "इतका सोपा केलाय. गिऱ्हाइकाला खूश करायला."

शेवटचं दुकान मुरबाडला, एसटी स्टँडजवळ. या वेळी दाजींनी दुकानदाराला यंत्राला हातच लावू दिला नाही. माझ्या हातात दिलं. "तू खेळ. या दुनियेत माझा तुझ्या एकट्यावर भरवसा. तू तिसऱ्यावर पडलास म्हंजे ओरिजिनल."

काय करणार होतो मी? पूल ओलांडला असता तर त्यांचं ते एकुलतं एक जिंकणं गेलं असतं. पहिला पूल गेला, दुसरा गेला, आणि तिसरा दिसताच जुन्या सवयीनं मी अंगठा उचलला. गाडी नदीत पडली. "पडलो बघा दाजी," मी म्हटलं आणि मान वर केली. दाजी पडद्याकडे बघत नव्हते. टीव्ही समोर असायचा आणि हात मांडीवर, तेव्हा निभावलं. या खोक्यात रस्ता आणि अंगठा एका इंचावर होते. दाजी माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

"घ्यायचा का काका?" दुकानदारानं विचारलं.

"बांधून द्या," दाजी म्हणाले. डबा फोडून तपासलासुद्धा नाही.

एसटीत ते खिडकीशी बसले. सरळगाव मागं पडलं तरी एक शब्द नाही. मला वाटलं, संपलं. माणूस पुन्हा तसाच गप्प होणार, आणि या खेपेला माझ्यामुळं. ताईला काय तोंड दाखवू?

"रोज?" त्यांनी बाहेर बघतच विचारलं.

"हो."

"तिनं सांगितलं व्हतं?"

"हो दाजी. चुकलं माझं."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, गाठ नीट आहे ना ते ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "पुढं काय हाय रे? तिसऱ्या पुलाच्या?"

"समुद्र आहे. रस्ता किनाऱ्यानं जातो."

"समुद्र?" त्यांनी संशयानं माझ्याकडे पाहिलं, अगदी दुधाच्या थेंबाकडे पाहायचे तसं. तो संशय बघून माझा जीव भांड्यात पडला, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गाठ सोडून यंत्र पुढं केलं. "दाखव."

गचके खात चाललेल्या एसटीत मी तिसरा पूल ओलांडला. निळा पडदा दिसला. दाजी बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चांगलाय की."

आता ते थकलेत. रविवारी येतात, चहा हुंगून पितात, पिशवीतून यंत्र काढतात. पहिली पाळी त्यांची. तिसऱ्या पुलावर अंगठा उचलतात, नदीत पडतात आणि यंत्र माझ्याकडे देतात. "जा पुढं. नीट खेळ, मी बघतोय." मी समुद्राकाठानं जात असतो तेव्हा त्यांचे डोळे माझ्या अंगठ्यावर असतात. मीही त्यांच्या संगतीत बिघडलोय. इतक्या वर्षांत या माणसाला एक बटण दाबून धरता येत नाही, हे मला हल्ली पटेनासं झालंय. त्यांची पाळी असली की मी रस्त्याकडे बघतच नाही, त्यांच्या अंगठ्याकडे बघतो.