थर्मासचे आभार

जानेवारीतला दुसरा रविवार. सहल: बरगी धरण. हजर: शेजारचे काका, काकू, त्यांच्याकडे राहून कॉलेज करणारी नात, मी आणि माझा नवरा (वीस मिनिटं उशिरा). जेवणं आटोपून दोनला निघायचं ठरलं होतं. निघालो पावणेतीनला, कारण दोन वाजता काका उभे राहिले.

काका आधी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढायचे. मग दोनदा खाकरायचे. मग उजवी मूठ हनुवटीखाली यायची, जणू तिथे माइक आहे. "आता एक औपचारिक काम उरलं," असं म्हणायचे आणि आभार मानायला लागायचे.

असा एक माणूस तुमच्याही ओळखीत असेल. जबलपुरातल्या एका मराठी मंडळात काकांनी तीस वर्षं आभारप्रदर्शन केलं. अध्यक्षपद त्यांना कुणी देईना, प्रास्ताविक सचिव सोडीनात. मग जे उरलं ते यांच्या वाट्याला आलं. ते बोलायला उभे राहायचे तेव्हा अर्धं सभागृह चपला शोधत असायचं. लोकांच्या पाठींशी बोलायची त्यांना इतकी सवय झाली होती, की कोणी तोंड समोर करून बसलं तर ते गडबडायचे.

पुढे मंडळात तरुण मंडळी आली, म्हणजे पंचावन्नच्या आतली, आणि काकांचं तेही काम गेलं. मग त्यांनी ते आमच्यावर सुरू केलं. बागेत भेळ खाल्ली की आभार. शहपुऱ्याला लग्नाला जाऊन आलो तर घमापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, गाडीतून उतरायच्या आधी आभार. सगळे अवघडून बसलेले, एकाचा पाय दुसऱ्याच्या पिशवीत, आणि काका वाकून, डोकं छताला लावून बोलताहेत.

बरगीचे आभार असे झाले: "व्हॅनवाल्या भैयांचे आभार, त्यांनी दोन खड्डे चुकवले आणि बाकीचे आम्हाला दाखवले. नर्मदामैयाचे आभार. ज्या माकडाने अर्धीच पिशवी नेली त्याचेही आभार. कढईचे आभार, पुऱ्या फुगल्या. थर्मासचे आभार, चहा इथपर्यंत गरम राहिला."

"आजोबा, बस ना! इथे नेटवर्क पण नाहीये, मी बोअर होऊन राहिली," नात म्हणाली.

"नेटवर्क नाही, म्हणून नात आज आमच्याशी बोलली. त्याचेही आभार."

सहलीची वही माझ्याकडे असते. कोण काय आणणार, किती वाजता निघणार, चटई कोणाची, सगळं त्यात. काकांचे आभार नेमके कोणाकोणाच्या वाट्याला येतात हे पाहायला मी शेवटच्या पानावर रकाने आखले होते: व्हॅनवाला, नर्मदा, नात, काकू, माझा नवरा, इतर. सात सहलींनंतर बेरीज केली. व्हॅनवाला सात. माझा नवरा चार. कशाबद्दल, ते त्यालाही सांगता आलं नाही. पहाटे पाचला उठून पुऱ्या तळणाऱ्या, काकांच्या गोळ्या पदराला बांधून फिरणाऱ्या काकूंच्या रकान्यात शून्य.

तेव्हा बरगीला मी बोलले.

"काका, छान झालं. पण दर वेळी एक नाव राहतं."

"कोणाचं?" त्यांनी खरंच घाबरून व्हॅनवाल्याकडे पाहिलं.

"काकूंचं. सात सहली, एकदाही नाही. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

माझा नवरा एकदम धरणाच्या पाण्याकडे बघायला लागला. काकूंनी डब्याचं झाकण दाबलं. "काहून छळून राहिली गं त्यांना? चलो, उशीर होते." पण काकांची मूठ हनुवटीखालून खाली आली होती.

पुढची सहल ग्वारीघाटाची. नावेतून फिरून आलो, खाणं झालं आणि काका उभे राहिले. या वेळी खिशातून कागद निघाला. त्यांनी काकूंचं पूर्ण नाव घेतलं, आधी सौभाग्यवती लावून, आणि वाचलं: "...यांनी आपल्या व्यस्त कार्यक्रमातून अमूल्य वेळ काढून आजच्या सहलीस उपस्थिती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे शतशः ऋणी आहोत."

नात हसत चटईवर आडवी झाली. मीही हसले, आणि चांगली मोठ्याने हसले.

काकू हसल्या नाहीत. "मी काय पाहुणी आहे का हो?" एवढंच म्हणाल्या, चपला पायात सरकवल्या आणि व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. काका कागदाची घडी घालत राहिले. ती काही नीट बसेना.

मी समजूत काढायला काकूंच्या मागे गेले.

"तुला वाटते, माझं नाव नाही घेत," काकू म्हणाल्या. "घरात हा माणूस भाजी कशी झाली ते सांगत नाही. मीठ विसरली तरी गुपचूप खाऊन घेते. उभे राहिले की मग मला समजते. कढईचे आभार म्हणजे पुरी आवडली. थर्मासचे म्हणजे चहा जमला. पाटनच्या रस्त्यावर त्यांनी सावलीचे आभार मानले होते, आठवते? ती जागा मी शोधली होती. बेचाळीस वर्षं झाली, आमचं असंच चालून राहिलं आहे. तू हे सगळं कुठे लिहिलं?"

"इतरमध्ये," मी म्हटलं.

त्याच्या पुढच्या सहलीत जेवण झालं, डबे आवरले, आणि काका बसूनच राहिले.

"काका, औपचारिक काम?" मी विचारलं.

"नको. माझ्याकडून चूक होते."

काकूंनी थर्मास त्यांच्याकडे सरकवला. "चहा कसा होता हो?"

"चांगला."

काकू थोडं थांबल्या. पुढे काही आलं नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू मोजून राहिली होती ना? आता मोज."

उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने काका-काकूंना पुण्याला नेलं. काकूंचे गुडघे जिना चढेनात, आणि मुलाच्या घराला लिफ्ट आहे. नात वसतिगृहात गेली. स्टेशनवर मी सामानाची यादी घेऊन उभी होते. पंधरा नग, पंधराही डब्यात चढले. जे बोलायचं होतं त्यासाठी बारा मिनिटं होती. ती मी नग पुन्हा मोजण्यात घालवली. काका खिडकीशी बसले होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी नुसता हात केला.

परवाच्या रविवारी आम्ही भेडाघाटला गेलो. हजर: मी आणि माझा नवरा. सगळं वेळेवर झालं. खाणं संपलं, नवऱ्याने "झालं?" विचारलं, मी "झालं" म्हटलं आणि आम्ही उठलो. ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटं आधी घरी पोचलो आणि त्या चाळीस मिनिटांचं काय करायचं ते दोघांनाही सुचेना.

वहीत सगळ्या कामांपुढे बरोबरची खूण झाली आहे. राहिली आहे ती एकच ओळ, चार सहली मी ती एका पानावरून दुसऱ्यावर उतरवते आहे: पुण्याला फोन करणे. मोजण्यात माझी चूक झाली हे काकांना सांगणे. सहल कशी झाली ते सांगून, त्या सहलीचे आभार फोनवरच मानाल का, असं विचारणे.