कॅल्क्युलस म्हणजे खडा

श्रावणातला पहिला सोमवार, भंडाऱ्यातला दवाखाना. हजर: सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी. यजमान गावी आसगावलाच थांबले, धानाची रोवणी अर्धी राहिली होती.

सासूबाईंच्या सोनोग्राफीच्या कागदावर 'कॅल्क्युलस' लिहिलं होतं. गणितातला शब्द पोटात कसा आला, असं मी विचारलं. बाहेर रांग असूनही डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहान खडा. जुन्या काळी लोक खडे मांडून हिशेब करत, म्हणून शब्द गणितात गेला. शरीरात खडा झाला तरी नाव तेच. म्हणजे आपण मुतखडा म्हणतो तसंच. कागदाची अर्धी भीती तिथेच गेली.

जाऊबाई म्हणाल्या, "आई, खदान तं नाकाडोंगरीकडं रायते. तुमच्या पोटात कशी निघाली जी?" कळ सोसतानाही सासूबाई हसल्या.

खडा नळीत अडकला होता, मूत्रपिंडाला सूज होती. भरपूर पाणी पिऊन पडला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन.

कळ थांबताच सासूबाई पुन्हा रोवणीला गेल्या. थांबवून थांबणाऱ्यातल्या त्या नाहीत. मी सोबत पाण्याची कॅन दिली. संध्याकाळी ती तशीच भरलेली परत आली. मी रागावले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी पेलं का जावं कुठं? चारही धुऱ्यांवर मानसं रायतेत."

बांधांवर माणसं आणि आडोसा कुठेच नाही, म्हणून रोवणीला गेलेली कोणतीच बाई दिवसभर पाणी पीत नाही, हे मला जाऊबाईंकडून कळलं. मी शाळेत नोकरीला. चिखलात कधी उतरलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बांबू आणि हिरवी जाळी घेऊन बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर पोचलो. बायांनी हातातल्या रोपांचा परा खाली ठेवला, चिखलाच्या हातांनीच खड्डे केले, गाठी मारल्या. धुऱ्याच्या टोकाला आडोसा झाला. मग जी पाणी घ्यायला जाई, ती आधी सासूबाईंच्या हातात पेला द्यायची. रोवणी संपायच्या आत खडा पडला, पुढे सूजही उतरली. डॉक्टरीणबाईंचे आभार मानलेच. पण ऑपरेशन टळलं ते त्या बायांमुळे.

तळ्याखालच्या बांधीत मात्र अजून आडोसा नाही. बांबू तोडून ठेवलेत. धानकापणीच्या आधी जाळी आणून बांधायची आहे.