एकतीस नंबरची मावशी

त्याला सगळे दुर्बीण म्हणत. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारख्या काचा असलेल्या माणसाला हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ठेवणारा हुशार असणार. कारण पैदास केंद्रावर त्याचं काम एकच होतं, गाईंकडे बघणं. सकाळ-संध्याकाळ पाऊण पाऊण तास कुंपणालगतच्या बाकावर बसायचं आणि कोणती गाय माजावर आली ते वहीत लिहायचं. दुसरी गाय अंगावर चढली आणि खालची जागची हलली नाही, की तो घड्याळ बघे, नंबर लिही, वेळ लिही.

"तुमचे हे करतात काय नक्की?" असं शेजारीण विचारी, तेव्हा बायको म्हणे, "बघतात. घरातले पडदे बदलून महिना झाला, ते काही दिसले नाहीत. पण अमक्या गाईचं आज मन लागत नाहीये, हे शंभर फुटांवरून सांगतील."

ज्या गाईंच्या पोटात दुसरीचं वासरू वाढायचं, त्यांना केंद्रावर मावश्या म्हणत. आणि आई म्हणजे थोरली. चौदा वर्षांची, गुडघे सुजलेली, दुधाला दांडगी आणि स्वभावाने गरीब. तिला आता स्वतःला गाभ पेलवत नव्हता, म्हणून डॉक्टरबाईंनी तिची बीजं काढून शेजारच्या प्रयोगशाळेत फळवली आणि उबेत वाढवायला ठेवली. त्यातली आठ भ्रूणं टिकली. "यापुढे तिला सुई लावायची नाही," बाई म्हणाल्या. "म्हातारीचे फार हाल होतात." म्हणजे थोरलीचं जे काही मागे उरणार, ते या आठांतच.

भ्रूण सात दिवसांचं झालं की मावशीच्या पोटात ठेवायचं, आणि त्या मावशीचा माजही सात दिवसांपूर्वीचाच हवा. अर्ध्या-एक दिवसाचा फरक निभावतो. दोन दिवसांचा पडला की पाहुण्याला दारातूनच परत पाठवतात. आणि मावशीचा दिवस कोणता, याला जगात पुरावा एकच, दुर्बिणीची वही.

नेमकी त्याच सुमारास त्याची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. नात दिवसा गाढ झोपे आणि मग रात्रभर घरादाराला जागवी. "आजोबांवर गेलीये, ड्यूटी म्हणून कधी चुकवत नाही," बायको म्हणे. दुर्बीण तिला खांद्यावर घेऊन येरझारा घाली, आणि सकाळी बाकावर टेकला की टेकलाच. संध्याकाळीही तेच. ओळीने दोन दिवस असे गेले. तिसऱ्या सकाळी दचकून जागा झाला, तर एकतीस नंबरच्या शेपटीच्या मुळाशी लावलेला रंग पुसलेला. तो रंग त्यासाठीच लावतात, वर चढणाऱ्या गाईच्या घासण्याने तो जातो. रंग खोटं बोलत नाही, पण वेळही सांगत नाही. दुर्बिणीने वहीत त्याच सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं लिहिली. दहा मिनिटं कुठून आली देव जाणे. नुसते सहा लिहिले असते तर अंदाज वाटला असता, म्हणून असावीत.

सात दिवस गेले. डॉक्टरबाईंनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि एकेक करून सात मावश्या उरकल्या. आठवी, एकतीस नंबर, खोड्यात उभी. दुर्बीण तिची शेपटी बाजूला धरून.

"हिचं काय?" बाईंनी विचारलं.

सहा दहा, एवढंच म्हणायचं होतं. एकोणीस वर्षांत बाईंनी त्याच्या वहीवर उलटा प्रश्न केला नव्हता, आणि तेच आता जड जात होतं.

"बाई, ही ओळ माझ्या डोळ्यांची नाही."

"मग कोणाच्या?"

"रंगाची आहे. मी झोपलो होतो."

"किती वेळ?"

"दोन दिवस." मग घाईघाईने, "सलग नाही."

बाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बराच वेळ बघितलं. "माज येऊन गेलाय, एवढं दिसतंय. सात दिवस झाले की नऊ, हे यात दिसत नाही. त्यासाठी तुम्ही आहात."

"होतो," दुर्बीण म्हणाला.

बाई पालथ्या बादलीवर बसल्या. सकाळपासून त्यांचाही खांदा भरून आला होता. "ताजंच पोटात ठेवलं तर गाभ राहण्याची आशा जास्त. गोठवलं की कमी होते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण ही नऊ दिवसांची असली तर आशाच नाही."

आठवं भ्रूण बारीक कांडीत गेलं, हळूहळू गार झालं आणि नायट्रोजनच्या कॅनमध्ये उतरलं. पांढरी वाफ उठली, झाकण बसलं.

"नशीबवान आहे," दुर्बीण म्हणाला. "कोणी उठवेपर्यंत झोपेल."

"तुम्ही नाही झोपायचं. हिचा पुढचा माज डोळ्यांनी बघायचा."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला घरी जाताना वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने बाक उचलून गोठ्यामागे नेऊन ठेवलं.

"दुर्बीण, सिंहासन कुठे गेलं?" धारा काढणाऱ्याने विचारलं.

"बसलं की डोळा लागतो."

"अहो, घोडीही उभ्याने झोपतात."

"माझ्यात तेवढी अक्कल नाही," म्हणत तो कुंपणाला टेकून उभा राहिला. पोटऱ्यांत गोळे येत, तो पाय बदले. दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी एकतीस नंबर स्वस्थ उभी राहिली. त्याने चष्मा पुसून दोनदा बघितलं. पाच वाजून चाळीस. या वेळचे चाळीस खरे होते.

त्यानंतर सातव्या दिवशी कांडी कोमट पाण्यात वितळवली. ताज्या सातांपैकी चार राहिली होती. महिन्याभराने एकतीस नंबरची तपासणी झाली.

"आहे," बाई म्हणाल्या, हजेरी घेतात तशा आवाजात. पडद्यावर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी लुकलुकत होतं. दुर्बिणीने ते वहीत लिहिलं. वहीत आता एक रकाना वाढला होता, त्यात 'पाहिलं' किंवा 'अंदाज' असं लिहायचं. आठवड्यातून एखादा अंदाज निघे. बाई त्यावर काही बोलत नसत, ती गाय तेवढी वगळत.

घरी आला तर नात झोपलेली, घर चिडीचूप. "पडा आता तुम्हीही," बायको म्हणाली. तो आडवा झाला, पण डोळे काही मिटेनात. बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला.

"पडदे बदललेस का गं?"

"तीन महिने झाले," बायको म्हणाली.